गट पाडले म्हणजे सामूहिक लेखन होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांच्या एलएलबीचा वर्ग, साठ जण. स्त्रीवादी दृष्टीने कायदा शिकवायचा म्हणून तुम्ही सहा-सहांचे दहा गट केलेत आणि प्रत्येक गटाला एक जुनं निकालपत्र नव्याने लिहायला दिलंत. हाती आलं ते असं: लेखन मुलींनी केलं, सादरीकरण मुलांनी. दहाही निकालपत्रं एका छापाची, आरोपीला जन्मठेप आणि शेवटच्या परिच्छेदात स्त्रीशक्तीचा गौरव. आता तुम्ही विचारताय की पद्धतच चुकीची आहे का, आणि या सगळ्याला गुण कसे द्यायचे.

मी सहा वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली केली आणि गेली बावीस वर्षं जिल्ह्याच्या गावी शिकवते आहे. तुमचं जे झालं ते माझं पहिल्या वर्षी जसंच्या तसं झालं होतं. वर आणखी एक. माझा एक गट रोज संध्याकाळी पाचला वाचनालयात बसायचा आणि त्यातली एक मुलगी कधीच यायची नाही. गटाने तिच्या नावापुढे 'सहभाग नाही' असं लिहून दिलं आणि मी ते मान्य करून तिचे गुण कापले. नंतर कळलं की तिच्या गावाची शेवटची एसटी सव्वापाचला सुटते. स्त्रीवादी पद्धतीच्या नावाखाली मी तिला गावातून येण्याची शिक्षा दिली होती. ते गुण पुढे दुरुस्त झाले, पण तेव्हापासून सामूहिक लेखन तासाच्या वेळेत, माझ्या डोळ्यांदेखत, असा नियम केला. रात्री दहाला सगळ्यांनी मोबाईलवर एकाच फाईलमध्ये लिहायचं हेही मी करू देत नाही. ज्या घरात फोन एकच आहे त्या घरात रात्री दहाला तो कोणाच्या हातात असतो, हे तुम्हीही जाणता.

पद्धत चुकीची नाही. तुम्ही सुरुवात मात्र शेवटाकडून केलीत. 'निकाल बदला' असं सांगितलं की मुलं निकाल बदलतात, बाकी काही बदलत नाही. निकालपत्रात खरा कौल बहुतेक वेळा हकीकतीच्या पहिल्या दोन पानांतच ठरलेला असतो. कोणती गोष्ट आधी आली, कोणती गाळली, कोणत्या वाक्याला कर्ता आहे आणि कोणत्या वाक्याला नाही. कायद्याची चर्चा सुरू होईपर्यंत वाचकाने मनात बाजू घेतलेली असते. म्हणून माझ्याकडे पहिले चार तास कायदा नसतो. असते ती फक्त हकीकत.

प्रकरण कोणतं घ्यावं? मी मथुरा खटला घेते. कायद्याच्या शिक्षकांनी एकत्र बसून लिहिलेल्या मजकुराने देशाचा कायदा हलवला, त्याचं आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण तेच आहे, आणि ते महाराष्ट्रातलं आहे. देसाईगंज, म्हणजे वडसा. आज गडचिरोली जिल्ह्यात, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. २६ मार्च १९७२ ची रात्र. मथुरा ही आईवडील नसलेली, भावाकडे राहून मजुरी करणारी आदिवासी मुलगी. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिला पळवून नेल्याची तक्रार भावाने दिली होती, म्हणून सगळ्यांना पोलीस ठाण्यात बोलावलेलं. जबाब झाले, साडेदहाच्या सुमारास बाकीचे निघाले, तिला थांबवून घेतलं. एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलनेही तिच्याशी लगट केली, हा आरोप. १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, शिपायाला पाच वर्षं आणि हेड कॉन्स्टेबलला एक. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ती रद्द केली. निकालपत्र न्या. कोशल यांनी लिहिलं.

त्यानंतर एक वर्ष आणि एक दिवस उलटून, १६ सप्टेंबर १९७९ ला, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. चार सह्या, मजकूर एक. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, आणि पुराव्यातून सिद्ध होतं ते फक्त शरण जाणं, हा त्याचा कणा. १९८० मध्ये मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, त्या वर्षीच्या ८ मार्चला मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडीसारख्या प्रसंगात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं, हे पुरावा कायद्याचं कलम ११४ अ तेव्हा आलं. आज तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे.

आपल्या मुलांना हे कलम पाठ असतं. ते एका पत्रातून आलं आणि ते पत्र आपल्यासारख्या तास घेणाऱ्या माणसांनी लिहिलं, हे बहुतेकांना माहीत नसतं. मी हे शेवटी सांगते. आधी सांगितलं तर मुलं पत्राची नक्कल करतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिल्या तासाला 'कर्ता शोधा'. मराठी माध्यमाच्या मुलाला हे व्याकरण सातवीपासून येतं, त्यामुळे इथे इंग्रजी माध्यमवाल्यांची आघाडी आपोआप जाते, हा एक फायदाच. फळ्यावर तीन वाक्यं लिहायची: 'मुलीला ठाण्यात थांबवून ठेवण्यात आले.' 'मुलीवर अत्याचार झाला.' 'मुलीची वैद्यकीय तपासणी करण्यात आली.' तिन्हींत मुलगी दिसते, करणारा कुठेच नाही. आपली सरकारी मराठी 'करण्यात आले' वर जगते. त्यात हुकूम असतो, हुकूम देणारा नसतो. मग जोडीजोडीने ही वाक्यं कर्तरीत आणायची: 'शिपायाने तिला थांबायला सांगितलं.' लगेच एखादा हात वर येतो, 'मॅडम, पण हे सिद्ध झालंय का?' हाच तर प्रश्न पाहिजे असतो. कर्ता लिहिला की पुरावा दाखवावा लागतो. 'करण्यात आले' लिहिलं की सुटका होते. कोणाची, ते विचारायचं आणि घंटा होईपर्यंत गप्प बसायचं.

दुसऱ्या तासाला तीन खुर्च्या: सांगणारी, लिहिणारा, वाचून दाखवणारा. विषय मुद्दाम साधा घ्यायचा. मुलींना स्वतःवर बेतलेला प्रसंग कधीही सांगायला लावू नका, आणि कोणी आपणहून सांगू लागली तर वर्गात नको, तासानंतर मला भेट म्हणायचं. मी नळावरचं भांडण देते. मागे एकदा एकीने सांगितलं, 'मी नळावर गेले, तर शेजारच्या काकूंनी माझी कळशी बाजूला सरकवली. मी म्हटलं, काकू, असं काय करता.' लिहिणारा वर्षभर पोलीस ठाण्यात कंत्राटी टायपिस्ट होता. त्याने लिहिलं, 'फिर्यादी पाणी भरणेकामी गेली असता सदर महिलेने फिर्यादीस शिवीगाळ करून कळशी फेकून दिली.' तिसऱ्याने ते वाचून दाखवलं आणि सांगणारी ओरडलीच, 'मी असं बोललेच नाही!'

इथे थांबायचं. कळशी नळावर सरकली होती, कागदावर फेकली गेली. शिवी कुठून आली? लिहिणारा म्हणाला, 'शिवीगाळ नसली तर कलम कुठलं लावणार?' म्हणजे आधी कलम, मग त्या मापाची हकीकत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, 'काकू' गेल्या. रोज तोंड बघायची शेजारीण 'सदर महिला' झाली. आता हीच सांगणारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिल्यावर उलटतपासणीत काय विचारतील ते मुलांकडूनच घ्यायचं. 'कळशी फेकली की सरकवली? फिर्यादीत फेकली म्हणता, इथे सरकवली म्हणता. म्हणजे आज तरी खोटं किंवा तेव्हा तरी खोटं.' मथुराला सत्र न्यायालयाने चक्क खोटारडी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानेही, विशेषतः हेड कॉन्स्टेबलबाबत, तिचा आधीचा जबाब आणि नंतरची साक्ष यांतल्या फरकावर बोट ठेवलं. फरक होता, हे मुलांपासून लपवायचं नाही. पण कळशीचा तास झालेला वर्ग तो फरक वेगळ्या नजरेने वाचतो. जबाब तिच्या तोंडचा होता की लिहिणाऱ्याच्या हातचा, हा प्रश्न त्यांना आपसूक पडतो.

विनयभंगाच्या फिर्यादीतलं ते ठरीव वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल: 'माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले'. अठ्ठावीस वर्षांत मी एकही बाई असं बोलताना ऐकलेली नाही. बाई म्हणते, 'त्यानं माझा हात धरला. मला राग आला.' कागदावर राग कधी येत नाही, लज्जाच येते. कायद्याच्या शब्दाने तिचा शब्द खाल्ला. हे एकदा दाखवलं की 'स्त्रीवाद म्हणजे काय' यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

आता गट. सहा खूप झाले. चार ठेवा. सहांत दोन झोपतात, चारांत एकाला झोपणं अवघड जातं. चार कामं: नोंद ठेवणं, कागदपत्रांतून आधार काढणं, विरुद्ध बाजू मांडणं, शेवटचा हात फिरवणं. ही कामं दर तासाला फिरली पाहिजेत आणि कोणत्या तासाला कोणाकडे काय, हे मी ठरवते, गट ठरवत नाही. गटावर सोडलं की नोंद ठेवण्याचं काम 'तुझं अक्षर छान आहे' म्हणून मुलीकडे जातं आणि तिथेच राहतं. घरात 'तुझ्या हातची पोळी छान होते' म्हणतात ना, तसंच. स्तुती असते, पण सुटका नसते. हे मी वर्गात याच शब्दांत बोलते. मुली हसतात, मुलं थोडी उशिरा हसतात.

माझ्या तीन वर्षांच्या वर्गात विशीतली पोरं असतात तशी चाळिशीतल्या अंगणवाडी सेविका, तहसीलचे कारकून, निवृत्तीला आलेले शिक्षक असेही असतात. ही मिसळण सामूहिक लेखनाला फार उपयोगी. एका वर्षी वर्गात एक हवालदार होते, रात्रपाळी करून थेट तासाला यायचे, बहुधा पेंगत. मथुरा खटल्याची हकीकत गटात मोठ्याने वाचली जात होती. सरकार पक्षाच्या कथनात एक तपशील येतो: सोबतचे लोक बाहेर थांबले होते, तेव्हा ठाण्याचे दिवे बंद झाले होते आणि दार आतून लावलेलं होतं. हवालदारांनी मान वर केली. म्हणाले, 'ठाण्याचा दिवा रात्री कोणी मालवत नाही, मॅडम. ठाणं आहे ते.'

वर्ग शांत झाला. त्या गटाने आपली हकीकत मग अशी सुरू केली: 'रात्री साडेदहानंतर देसाईगंज पोलीस ठाण्याचे दिवे बंद होते आणि दार आतून लावलेले होते.' मूळ निकालपत्रातलाच तपशील, नवीन एक अक्षर नाही, फक्त जागा बदलली. वैद्यकीय तपासणीत शरीरावर जखमा आढळल्या नाहीत ही बाब त्यांनी गाळली नाही, ती पाचव्या परिच्छेदात आली. मूळ निकालपत्रात जखमा नसण्याला इतकं वजन आहे की झाला प्रकार शांततेतच झाला असावा, असं अनुमान त्यातून काढलं गेलं. पण मालवलेल्या दिव्यानंतर वाचलेल्या 'जखमा नाहीत' चा अर्थ आणि सुरुवातीलाच वाचलेल्या 'जखमा नाहीत' चा अर्थ एक राहत नाही.

मात्र याच गटातल्या एका मुलाने हरकत घेतली, आणि ती रास्त होती. दिवे बंद असल्याचं सरकार पक्षाचे साक्षीदार सांगतात, ते विश्वासार्ह का याचं कारण न देता तुम्ही ते पहिल्या ओळीत सत्य म्हणून कसं ठेवता? गटातल्या दोघी त्याच्यावर तुटून पडल्या, 'तू पोलिसांच्या बाजूचा आहेस का?' मी मध्ये पडले. त्याला म्हटलं, तू भिन्नमत लिही, म्हणजे बाकीच्यांशी न पटणाऱ्या न्यायाधीशाचं वेगळं निकालपत्र. त्याने दीड पान लिहिलं आणि ते चांगलं होतं. गटाला आपल्या हकीकतीत 'साक्षीदारांच्या म्हणण्यानुसार' घालावं लागलं आणि त्या साक्षीदारांवर विश्वास का ठेवला यावर एक परिच्छेद वाढवावा लागला. निकालपत्र त्यामुळेच भक्कम झालं. तुमच्या वर्गात दहाही निकाल सारखे आले, कारण वेगळं लिहायला जागाच नव्हती. स्त्रीवादी शिकवणीत एकमत झालंच पाहिजे असा आपला एक भाबडा समज असतो. मी उलट करते. ज्या गटात भिन्नमत नाही त्याला 'का नाही' यावर अर्धं पान लिहावं लागतं.

जन्मठेपेचं सांगते. मुलांना राग येतो, आणि राग आला की शिक्षा वाढवतात. मी नियम घालते: ज्या दिवशी मूळ निकाल लागला त्या दिवशीचाच कायदा, तोपर्यंतचेच निवाडे, आणि कागदावर आलेलाच पुरावा. हा नियम माझा नव्हे. कॅनडात २००४ च्या सुमारास काही कायदेतज्ज्ञ स्त्रियांनी सर्वोच्च न्यायालयाचे समानतेवरचे निकाल पुन्हा लिहायला घेतले, त्यांनी स्वतःला 'कॅनडाचं स्त्रियांचं न्यायालय' म्हटलं. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये तशाच पुनर्लिखित निकालांचा जाडजूड संग्रह निघाला. पुढे हा प्रकार अनेक देशांत गेला, आपल्याकडेही अध्यापक आणि वकिलांनी तो केला आहे. यात मजा अशी की हात बांधलेले असतात. १९८३ ची दुरुस्ती वापरता येत नाही. संमती स्पष्ट आणि स्वेच्छेने दिलेली हवी, केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही, ही २०१३ ची आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये असलेली तरतूद वापरता येत नाही. मग १९७८ च्या न्यायाधीशाच्या हातात होतं काय?

होतं, बरंच होतं. नागपूर खंडपीठाचा निकाल समोर होता. त्यात भीतीपोटी निमूट शरीर सोपवणं म्हणजे इच्छा नव्हे, हा भेद स्वच्छ केलेला होता. शिवाय नंदिनी सत्पथी प्रकरणाचा निकाल एप्रिल १९७८ चा, म्हणजे पाच महिने आधीचा आणि त्याच न्यायालयाचा. चौकशीसाठी बाईला पोलीस ठाण्यात बोलावण्यावर त्यात कडक शब्दांत टीका आहे. चार अध्यापकांच्या पत्रात नेमका हा निवाडा दाखवून दिलेला आहे. माझ्याकडे दर वर्षी एखादा तरी गट ग्रंथालयात बसून तो स्वतः हुडकून काढतो आणि धावत येऊन सांगतो, 'मॅडम, हे तर आधीच होतं!' दुसरा निकाल त्याच कायद्यात शक्य होता, हे मुलांना स्वतःच्या कष्टाने सापडलं पाहिजे. ते मी आयतं हातात ठेवलं तर माझं मत होतं. शिक्षेचा परिच्छेदही या नियमाने जमिनीवर येतो, कारण नागपूरने दिलेली शिक्षा योग्य होती का, एवढंच ठरवायचं उरतं. फाशी-फाशी म्हणणारा वर्ग पाच वर्षं आणि एक वर्ष यावर दीड तास वाद घालतो.

एक खबरदारी. 'आदिवासी' हा शब्द आला की शहरी पोरं कविता करू लागतात. रान, पाखरं, निरागसता. एका गटात वडशाजवळच्या ब्रह्मपुरीकडची मुलगी होती. तिने तो परिच्छेद वाचला आणि पेन्सिलीने उभी रेघ मारली. म्हणाली, 'ती मजुरी करत होती. मजुरी लिहा.' चार अध्यापकांच्या पत्रातही रोख त्याच गोष्टीवर आहे: मुलीची गरिबी, हक्कांची माहिती नसणं, वय, आणि ठाणं नावाच्या जागेचा दरारा. तिला बिचारी केल्याने निकालपत्र स्त्रीवादी होत नाही. ती कुठे कामाला होती, ठाण्यात किती वेळ होती, सोबत कोण होतं, हे नेमकं लिहिल्याने होतं.

सगळ्या वर्गांना मथुरा खटला झेपतोच असं नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात मी रखमाबाई घेते, लहानपणी लावलेलं लग्न नाकारून नवऱ्याकडे नांदायला न गेलेल्या मुलीचा खटला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तिच्या बाजूने दिलेला निकाल, अपिलात तो फिरणं, १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग असा आदेश, आणि १८८८ मध्ये पैसे देऊन झालेली तडजोड. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही म्हणणारी मुलगी पुढे डॉक्टर झाली. नांदायला येण्याचा आदेश मागता येणारं हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ अजून पुस्तकात असल्यामुळे हे जुनं वाटत नाही. पण त्यावर पुन्हा कधी.

गुन्ह्यांचं लेखन नको असेल, किंवा प्राचार्य नाराज होतील अशी भीती असेल (असते, मला माहीत आहे), तर पोटगीचा अर्ज घ्या. ड्राफ्टिंगचा पेपर सक्तीचाच आहे, कोणी हरकत घेत नाही. आणि खरं सांगू, मला स्वतःला हाच तास सर्वांत आवडतो. आपल्याकडे पोटगीच्या अर्जात एक वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे: 'अर्जदार ही कोणताही कामधंदा करीत नसून घरीच असते.' मीही वकिलीत ते डोळे मिटून टाइप करून घ्यायची. उत्पन्न नाही हे सांगायला ते लागतं, हे खरं. पण वाक्य म्हणतं ते वेगळंच.

गटाला एक काल्पनिक अर्जदार द्यायची. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत ती काय करते, हे तासातासाने लिहायचं. इथे नोंद ठेवण्याचं काम मुद्दाम मुलग्यांकडे द्यायचं, आणि माहिती स्वतःच्या घरी बघून आणायची. एकाने लिहून आणलं होतं, 'आई साडेपाचला उठते. का उठते ते विचारलं तर म्हणाली, पाणी तेव्हाच येतं.' मग त्या यादीवरून गटाने वाक्य बदलायचं. बऱ्याच खाडाखोडीनंतर एका गटाचं असं झालं: 'अर्जदार ही सामनेवाला यांच्या घरी दररोज स्वयंपाक, पाणी भरणे, दोन मुलांचे संगोपन व सासऱ्यांची शुश्रूषा ही कामे विनामोबदला करीत होती, या कामांमुळे तिला स्वतंत्र उत्पन्नाचे साधन मिळवता आले नाही.' कायदेशीर गरज तीच भागली, उत्पन्न नाही. पण आता बाई कर्ता आहे, आणि उत्पन्न का नाही याचं कारण सामनेवाल्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या, दारात जाऊन बसलं आहे.

याच्या जोडीला किर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स हा ५ जानेवारी २०२१ चा निकाल वाचायला द्या. अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या कामाचं मोल कसं धरायचं, यावर न्या. रमणा यांनी स्वतंत्र टिपण जोडलं आहे. त्यात २०१९ च्या केंद्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे आहेत: बिनमोबदला घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुष ९७. पोरांना आधी स्वतःच्या घरच्या यादीची बेरीज करायला लावा आणि मग हे आकडे दाखवा. आमच्याकडे ९७ मिनिटं भरणारे बाप फार निघाले नाहीत. रजनेश विरुद्ध नेहा, २०२०, हाही सोबत ठेवा. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ते त्या निकालामुळे. तो नमुना गटाला भरायला दिला की दोघांची मिळून एकच दुचाकी असते आणि ती कोणाच्या नावावर, हा प्रश्न उभा राहतो.

गुणांचं. अंतर्गत मूल्यांकनाचे वीस गुण माझ्या हातात असतात. त्यातले आठ गटाच्या मजकुराला, सगळ्यांना सारखे. आठ प्रत्येकाने स्वतंत्र लिहायच्या अर्ध्या पानाला, आणि त्याचा विषय एकच: 'माझं कोणतं वाक्य मजकुरात राहिलं, कोणतं कापलं गेलं, कोणी कापलं आणि मला ते पटलं का.' हे पान घरी लिहू देत नाही, वर्गात, वीस मिनिटांत. ज्याने काही केलं नाही त्याला हे पान लिहिता येत नाही. खोटं लिहिलं तर बाकीच्या तिघांच्या पानांशी जुळत नाही. उरलेले चार नोंदवहीला. ती वही म्हणजे दोनशे पानी साधी वही, गटाला एक, तास संपला की माझ्या कपाटात. पानावर तारीख, कोणाकडे कोणतं काम, आणि वाद झाला असेल तर कशावर. एकदा नोंदवहीत सापडलं, 'आज चहा कोणी आणायचा यावर वाद. ठराव: नोंद ठेवणाऱ्याने आणू नये.' मी चारपैकी चार दिले.

तक्रारी येतील. हुशार मुलं म्हणतील की आमचे गुण दुसऱ्यांमुळे गेले. त्यांना कोर्टाचं उदाहरण द्यायचं: मथुरा खटल्यात पीठावर तीन न्यायमूर्ती होते, निकालपत्र एकाच्या हातचं, पण जबाबदारी तिघांची. सहकारी विचारतील, अभ्यासक्रम कधी संपवणार? माझा सहसा संपतो, कारण बलात्काराची कलमं आणि कोठडीतलं गृहीतक मला पुन्हा वेगळं शिकवावं लागत नाही. मालमत्तेविरुद्धचे गुन्हे मात्र घाईत उरकावे लागतात. चोरी आणि दरोडा यांतला फरक दर वर्षी थोडा कच्चा राहतो, तो मी जादा तासाला घेते.

तुमच्या दहा निकालपत्रांचं काय करायचं? फेकू नका, परत वाटा. प्रत्येक गटाला दुसऱ्या गटाचं द्या आणि फक्त हकीकतीतली 'करण्यात आले' अधोरेखित करायला सांगा. झेरॉक्स साठ काढू नका, तीस काढा. दोघांत एक प्रत असली की एकाला मोठ्याने वाचावं लागतं, आणि 'मी असं बोललेच नाही' हे वाक्य कानावर पडल्याशिवाय सुचत नाही. दोन तास पुरतील. नोंदवह्या त्याच दिवशी सुरू करा, आणि शेवटची एसटी कितीला आहे ते आधी विचारून घ्या.